विक्रोळी ते वेरूळ, जुन्या रस्त्याने

घाटकोपरला भाड्याने घर शोधत होतो तेव्हाची गोष्ट. ब्रोकरने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "व्हेज फॅमिली आहे ना?" म्हटलं, जैन आहोत. तो खूश झाला. मग मी आडनाव सांगितलं.

"सर, पण हे तर मराठी आडनाव आहे."

"हो, मराठीच आहोत."

पलीकडे दोन सेकंद शांतता. "म्हणजे नक्की कोण?"

हा प्रश्न मला नवा नाही. मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात वाढलो. शाळेत डब्यात कांदा-बटाटा नाही हे कळलं की पोरं म्हणायची, "अरे, हा गुज्जू आहे." आणि गुजराती मित्राच्या घरी गेलो की त्याची आई कौतुकाने विचारायची, "तुमच्यात पण जैन असतात?" मी दोन्हीकडे हसून वेळ मारून न्यायचो. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची सहा वर्षं हेच चाललं.

आम्ही सैतवाल. मराठवाडा-विदर्भात पसरलेले दिगंबर जैन, घरात बोलायची भाषा मराठी. आमच्यासारखेच कासार आहेत. कोल्हापूर-सांगली-बेळगावकडे चतुर्थ आणि पंचम आहेत, ज्यांच्यातले बहुतेक पिढ्यान् पिढ्या शेती करत आलेत. रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील याच मुलखातले, १८८७ साली कुंभोजला जैन शेतकरी घरात जन्मलेले. शाळेत त्यांच्यावर निबंध सगळ्यांनी लिहिलाय, पण हे वाक्य त्यात कुणी घातल्याचं मला आठवत नाही.

गेल्या डिसेंबरात आजीने विषय काढला. गुडघ्याचं ऑपरेशन करून वर्ष झालं होतं. "मांगीतुंगी राहिलीय लेकरा. आणि वेरूळपण." आजी मूळची परभणीकडची. वेरूळ तिथून तसं जवळ, पण लग्न होऊन विक्रोळीला आली आणि राहूनच गेलं. मी चार दिवसांची रजा टाकली, बाबांची गाडी घेतली. आजीच्या सामानात गाळलेल्या पाण्याचे दोन मोठे कॅन, दशम्या, आणि सूर्यास्ताच्या आत जेवण झालंच पाहिजे ही अट.

*

निघण्याआधी मी फोनवरच्या नकाशात सगळी ठिकाणं टाकली. सवय आहे, कामच तसं आहे. इगतपुरीजवळ त्रिंगलवाडी, त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरी, नाशिकची पांडवलेणी, म्हसरूळचा गजपंथ, चांदवड, मनमाडजवळ अंकाई-टंकाई, शेवटी वेरूळ. टाचण्या पडल्यावर दिसलं की त्या पसरलेल्या नाहीतच. मांगीतुंगी तेवढी उत्तरेला बागलाणात. बाकीच्या जवळजवळ एका रेषेत.

ती रेषा म्हणजे जुना व्यापारी रस्ता. सोपारा-कल्याणच्या बंदरांवरून माल थळघाट चढून नाशिकला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तो हाच. १८६५ मध्ये रेल्वेने घाट पार केला तोही इथेच. जैन लेणी आणि देवळं या रस्त्याला धरून आहेत, कारण ती खोदायला-बांधायला पैसा देणारे लोक या रस्त्यावर धंदा करत होते.

अंजनेरीला याचा लेखी पुरावा आहे. आज अंजनेरी म्हटलं की ट्रेक आणि हनुमानाचं जन्मस्थान. पण डोंगराच्या पायथ्याशी अकराव्या-बाराव्या शतकातल्या देवळांचे अवशेष आहेत, काही हिंदू, काही जैन. तिथे शके १०६३ चा, म्हणजे इसवी सन ११४१-४२ चा एक शिलालेख सापडला. यादव घराण्यातल्या सेउणदेवाच्या काळातला. आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या देवळाला दान दिल्याची ती नोंद आहे. दान कशाचं? दुकानांचं. गावं नाहीत, सोनं नाही, बाजारपेठेतली दुकानं. देवळाच्या दिवाबत्तीचा खर्च गाळ्याच्या उत्पन्नातून. मुंबईत वाढलेल्या माणसाला हे समजवून सांगावं लागत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तिथे बकऱ्या चरत होत्या. एका पडक्या देवळाच्या दारावर, मधोमध, पद्मासनातली छोटीशी आकृती होती. आजीने चप्पल काढली. एवढ्या उन्हात, खडीवर.

त्रिंगलवाडीला आम्ही थांबलो नाही, पण मी कॉलेजात असताना तिथे ट्रेकला गेलो होतो. किल्ल्याच्या पायथ्याशी एक लेणं आहे, आत ऋषभनाथांची भग्न मूर्ती. आमच्या लीडरने सांगितलं, हे पांडव लेणं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. महाराष्ट्रात कातळात खोदलेलं काहीही दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत केलेलं असतं. याचा मला पुढे बराच राग यायचा. मग जिनप्रभसूरींबद्दल वाचलं आणि राग जरा उतरला. हे श्वेतांबर आचार्य. दिल्लीला मुहम्मद तुघलकाच्या दरबारात त्यांना मान होता, आणि काही वर्षं ते देवगिरीला राहिले. भारतभरच्या जैन तीर्थांची माहिती त्यांनी 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथात गोळा केली, तो १३३३ च्या सुमारास पुरा झाला. त्यात नाशिकवर एक प्रकरण आहे. तिथल्या चंद्रप्रभाच्या देवळाचा जीर्णोद्धार कुणी केला म्हणून सांगतात? कुंतीने. म्हणजे पांडवांना लेण्यांशी जोडण्याचं काम फक्त 'इतरांनी' केलं असं नाही, आमच्या आचार्यांनीही तेच केलं. जैन कथेत पांडव दीक्षा घेऊन शत्रुंजयावर मोक्षाला गेले, त्यामुळे ते आमचेही आहेतच.

*

गजपंथाला संध्याकाळी पोचलो. म्हसरूळ आता नाशिक शहरातच आलंय, डोंगराच्या पायथ्यापर्यंत बिल्डिंगा. नाशिककर या डोंगराला चामरलेणी म्हणतात. वर अकराव्या-बाराव्या शतकातली लेणी आहेत आणि दिगंबरांसाठी हे सिद्धक्षेत्र आहे. सिद्धक्षेत्र म्हणजे जिथून कुणी मोक्षाला गेलं ती जागा. चमत्कारामुळे प्रसिद्ध झालेली जागा असेल तर तिला अतिशय क्षेत्र म्हणतात. निर्वाणकांड नावाची एक प्राकृत रचना आहे, त्यात कोण कुठून मुक्त झालं याची यादी येते. गजपंथावरून सात बलभद्र आणि कोट्यवधी यादव राजे. आजीला ती यादी पाठ आहे, लहानपणापासून.

धर्मशाळेत खोली मिळाली. आजी सूर्यास्तापूर्वी जेवून जप करत बसली आणि मी फोनवर वाचत पडलो. तिथे मला नथुराम प्रेमी भेटले. मुंबईत हिराबागेत बसून ग्रंथ छापणारा, जैन साहित्याचा इतिहास खणून काढणारा हा माणूस. 'जैन साहित्य और इतिहास' हा त्यांचा ग्रंथ १९४२ चा. त्यात ते गजपंथाविषयी सरळ शंका घेतात. जुन्या ग्रंथांत गजपंथ किंवा गजध्वज नावाचा पर्वत नाशिकच्या आसपास असल्याचे उल्लेख आहेत, ते खरं. पण तो हाच डोंगर कशावरून? आजचं क्षेत्र तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, १८८० च्या दशकात, नागौरच्या गादीवरच्या क्षेमेंद्रकीर्ती भट्टारकांनी इथे स्थापन केलं.

मी उठून बसलो. सात बलभद्रांचा डोंगर आणि वय जेमतेम दीडशे वर्षं?

काळाचा हिशेब बघितला तर त्यात नवल नाही. रेल्वे आली, मुंबई-सोलापूरकडच्या व्यापाऱ्यांकडे पैसा आला, कुटुंबं आठ-दहा तीर्थं एका फेरीत करू लागली. धर्मशाळा हव्यात, पायऱ्या हव्यात, हक्काची कागदपत्रं हवीत. माणिकचंद हिराचंद जव्हेरी या मुंबईच्या मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने १९०२ मध्ये तीर्थक्षेत्र कमिटी उभी राहिली. त्याच काळात सोलापूरहून हिराचंद नेमचंद दोशींचं 'जैन बोधक' मराठीत निघत होतं. विस्मृतीत गेलेल्या क्षेत्रांचा शोध आणि उभारणी हा त्या पिढीचा प्रकल्पच होता. त्याआधी यात्रा म्हणजे संघ. संघपती खर्च करायचा आणि शेकडो माणसं साधूंबरोबर महिनोन् महिने चालायची. श्वेतांबरांत अजूनही छ'री पालित संघ निघतात. छ'री म्हणजे शेवटी 'री' येणारे सहा नियम: एकाहारी, पादचारी, ब्रह्मचारी, भूमीवर झोपणं, असे. त्या मानाने आमची एसी गाडी म्हणजे सुट्टीच.

सांगायचं का आजीला? मी रात्रभर हेच घोळवत होतो. न सांगणं म्हणजे तिला लहान मूल समजणं. सांगणं म्हणजे नव्या गुडघ्याने ती ज्यासाठी पायऱ्या चढणार ते काढून घेणं. सकाळी अर्ध्या वाटेवर ती टेकली तेव्हा सांगून टाकलं. तिने सगळं नीट ऐकलं.

"मग तो भट्टारक यायच्या आधी ही लेणी इथं नव्हती?"

"होती की. आठ-नऊशे वर्षांची आहेत."

"आत मूर्ती कुणाच्या?"

"तीर्थंकरांच्याच."

"मग त्या नागौरवाल्यानं काय बिघडवलं? पडकं होतं, झाडून घेतलं." आणि काठी टेकत उठली.

मला हा प्रेमींना दिलेला जवाब वाटला नाही. प्रेमींचा प्रश्न भूगोलाचा आहे आणि तो शिल्लक राहतोच. पण माझ्या डोक्यात 'खरं' आणि 'खोटं' असे दोनच रकाने होते, ते तिने मोडले.

*

मांगीतुंगी. दोन सुळके, चार हजार फुटांच्या वर. निर्वाणकांडानुसार इथून राम, हनुमान, सुग्रीव मोक्षाला गेले. ज्यांना जैन रामायण माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे रावणाला लक्ष्मण मारतो. राम हिंसा करत नाही, म्हणून त्याला मोक्ष मिळतो. शेजारच्या मुलांबरोबर टीव्हीवर रामायण बघताना मी हे एकदा मोठ्याने बोललो होतो. परत नाही बोललो.

आजीसाठी डोली केली. डोलीवाला माझ्याच वयाचा, पायथ्याच्या गावातला. इथे अखंड कातळातून कोरलेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती आहे. ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने काम झालं, २०१६ च्या फेब्रुवारीत पंचकल्याणक प्रतिष्ठा झाली आणि गिनीजच्या पुस्तकात नोंद. डोंगराला एवढं कापणं मला पटत नाही, हे सांगून टाकतो. डोलीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, मूर्ती झाली तेव्हापासून माणसं वाढली, पण बरीच जण मूर्ती बघून खालच्या खाली जातात. वर जुन्या लेण्यांपर्यंत येणारे कमी. त्याचा रोजगार वरच्या वाटेवर आहे.

आजी मात्र वर गेली. लेण्यांतल्या झिजलेल्या मूर्तींसमोर बराच वेळ बसली.

त्या रात्री तिने श्रवणबेळगोळची गोष्ट काढली. १९८१ साली, बाहुबलीच्या मूर्तीला हजार वर्षं झाली म्हणून झालेल्या महामस्तकाभिषेकाला ती आजोबांबरोबर गेली होती. भाषा कळत नव्हती, गर्दीत चुकामूक झाली होती, आणि मूर्तीच्या पायाशी कुणीतरी दाखवलं की इथे मराठीत लिहिलंय. "मला तवा लई बरं वाटलं," ती म्हणाली. "वाटलं कुणीतरी आपल्याकडचं भेटलं."

तो लेख मराठी शाळेतल्या प्रत्येकाने पाठ केलाय: 'चावुंडराजें करवियलें'. मराठीतला पहिला शिलालेख म्हणून. आता तो मान अलिबागजवळच्या अक्षीच्या शके ९३४ च्या, म्हणजे १०१२ च्या लेखाला देतात, आणि बेळगोळचा लेख नेमका कधी कोरला यावर वाद आहेत. त्या वादात पडायची माझी लायकी नाही. मला वेगळाच प्रश्न पडला, जो शाळेत कुणी विचारला नाही. कर्नाटकात, कन्नड सेनापतीने उभारलेल्या मूर्तीच्या पायाशी हीच माहिती कन्नडमध्ये आहे, तमिळमध्ये आहे, आणि मराठीतही आहे. मराठीत का? वाचायला कुणीतरी येत असल्याशिवाय दगडावर कोण कशाला कोरेल? आपण ते वाक्य 'मराठी भाषेचं वय' म्हणून घोकलं. पण ती तर यात्रेकरूंसाठी लावलेली पाटी होती. नऊशे वर्षांपूर्वी मराठी बोलणारे जैन एवढ्या लांब, एवढ्या संख्येने जात होते की त्यांच्यासाठी वेगळी ओळ घालावीशी वाटली.

त्या ब्रोकरचा नंबर अजून माझ्याकडे आहे.

*

तिसऱ्या दिवशी अंकाई-टंकाई. मनमाडजवळ दोन जोडकिल्ले, टंकाईच्या अंगाला सात जैन लेणी, दुमजली, खांबांवर भरगच्च नक्षी. मूर्ती बऱ्याच फुटलेल्या. खालून रेल्वे जाते. आजी गाडीतच थांबली, मी पळत जाऊन फोटो काढून आणले. संध्याकाळी वेरूळ.

वेरूळला सगळे कैलास लेणं बघून दमतात. जैन लेणी, क्रमांक ३० ते ३४, उत्तरेच्या टोकाला आहेत. राष्ट्रकूटांच्या काळात, मुख्यतः नवव्या-दहाव्या शतकात खोदलेली. ३२ नंबरचं नाव इंद्रसभा. तिथे एक देव हत्तीवर बसलाय, वडाखाली, आणि समोर एक देवी सिंहावर, आंब्याच्या झाडाखाली, जवळ मूल. बघणाऱ्यांना वाटलं, हत्ती म्हणजे इंद्र, मग ही इंद्राणी. नाव पडलं ते पडलंच. तो इंद्र नाही, यक्ष आहे. आणि ती अंबिका.

आजीला फलक वाचायची गरज पडली नाही. "अग्निला आहे ही," म्हणाली, आणि तिथेच खांबाला टेकून गोष्ट सांगायला लागली. ब्राह्मणाची बायको. श्राद्धाच्या स्वयंपाकातलं अन्न तिने दारात आलेल्या जैन मुनीला वाढलं, नवऱ्याने हाकलून दिलं. दोन लेकरं घेऊन रानात गेली, पोरं भुकेली, तर वठलेल्या आंब्याला फळं आली. ती मरून देवी झाली, आणि नवरा झाला तिचा सिंह. "आता बस म्हणावं खाली," आजी म्हणाली. शेजारी सहलीला आलेल्या दोन मुली फोन खाली ठेवून ऐकत होत्या.

मी त्या वेळात भिंती बघत होतो. कैलास एका राजाच्या आज्ञेने झालं. इथे तसं नाही. भिंतींवर जागा मिळेल तिथे छोट्या-मोठ्या मूर्ती कोरल्यात. पार्श्वनाथ आणि बाहुबली समोरासमोर, परत परत. कितीतरी मूर्तींच्या पायाशी हात जोडून बसलेली छोटी माणसं आहेत. ते दाते, ज्यांनी पैसे दिले. काही ठिकाणी नावंही. एका मूर्तीखाली लिहिलंय की ही नागवर्म्याने केली. दुसरीखाली सोहिल नावाच्या ब्रह्मचाऱ्याचं नाव. आम्ही कोडमध्ये कुठली ओळ कुणी लिहिली ते शोधायला एक कमांड वापरतो. इथे ती सोय हजार वर्षांपूर्वीच होती.

लेण्यांच्या वरच्या डोंगरावर आणखी एक मूर्ती आहे, पार्श्वनाथांची, पद्मासनातली, सुमारे सोळा फूट. खालच्या लेण्यांत पुरातत्त्व खात्याचं राज्य, पूजा नाही. वर पूजा चालते. पायऱ्या आहेत. आजीने डोली नाही म्हटलं, डोली नव्हतीच म्हणा.

मूर्तीच्या आसनावर लेख आहे, शके ११५६ चा, म्हणजे १२३४-३५. देवगिरीला सिंघण यादवाचं राज्य. ज्ञानेश्वरी लिहायला अजून पन्नासेक वर्षं. मी फोनवर भाषांतर काढून आजीला मराठीत सांगत गेलो. वर्धमानपुरात राणुगी नावाचा गृहस्थ होता. त्याचा मुलगा गालुगी. त्याला चार मुलगे, त्यात चक्रेश्वर श्रेष्ठ, मोठा दानी. त्याने चारणांचा वावर असलेल्या या डोंगरावर पार्श्वनाथांची प्रतिमा केली, जिनांच्या आणखीही मोठ्या मूर्ती केल्या. आणि पुढे लिहिलंय की भरताने जसं कैलासाला तीर्थ केलं, तसं याने या चारणाद्रीला तीर्थ केलं.

हे वाचताना मी थबकलो. लपवाछपवी काही नाही. अनादि काळापासून वगैरे भाषा नाही. तारीख घालून, बापाचं नाव लावून सांगितलंय की हा डोंगर तीर्थ नव्हता, मी केला. म्हसरूळला मला जे उघडकीला आणल्यासारखं वाटलं होतं, ते इथे देणाऱ्याने स्वतःच अभिमानाने कोरून ठेवलंय.

आजीचं लक्ष दुसरीकडेच होतं. "आज्याचं नाव आलं, बापाचं आलं. आईचं न्हाई लिहिलं?"

मी परत वर सरकवून बघितलं. वाचताना मीच ते गाळलं होतं. "आहे. स्वर्णा."

"स्वर्णा," आजी म्हणाली. पिशवीतून तांदूळ काढले, पार्श्वनाथांपुढे मूठ वाहिली. मग अजून थोडे काढून कडेला, लेखाच्या बाजूला ठेवले. ते कशाला, असं मी विचारलं नाही.

परतीला समृद्धी महामार्ग पकडायचा होता. जून २०२५ पासून तो थेट आमण्यापर्यंत सुरू झालाय, म्हणजे चांदवड नाही, नाशिक नाही, काहीच वाटेत लागत नाही. पण त्याआधी खाली उतरायला आम्हाला पाऊण तास लागला, कारण आजी दर दहा पायऱ्यांवर थांबत होती आणि वर येणाऱ्या प्रत्येकाला, ओळख ना पाळख, सांगत होती की त्याच्या आईचं नावपण आहे तिथं, बघून घ्या.